कोरड्या तोंडाचा चरक

खंडेनवमीला खराड्यांच्या कारखान्यात एकच नियम होता: पूजा झाल्याशिवाय धंद्याचा शब्द काढायचा नाही. आणि त्या दिवशी सकाळी नऊपासून धंद्याशिवाय दुसरा शब्द कुणी काढला नाही.

उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये लेथ धुऊन-पुसून उभे होते. झेंडूच्या माळा टोपलीत तशाच, कोहळा कोपऱ्यात तसाच, आणि चौदा कामगार बाहेर उन्हात तिसरा चहा पीत होते. मालक मंडळी मात्र ऑफिसातल्या टेबलाभोवती कोंडून घेऊन बसली होती. टेबलावर संयोगिताचा मोबाईल होता आणि मोबाईलवर युगांडाहून आलेलं पत्र.

"परत वाच," अमरसिंह म्हणाला.

"तीनदा वाचलंय, दादा."

"चौथ्यांदा वाच की. पैसं पडत्यात व्हय?"

अमरसिंह तिचा थोरला दीर. कारखान्याचा सगळा भार त्याच्या अंगावर, आणि ज्याच्या अंगावर भार असतो तो गोड बोलत नाही, एवढं संयोगिताला दहा वर्षांत कळलं होतं. तिनं वाचलं. इंग्रजी डोळ्यांनी वाचायचं आणि मराठी तोंडानं सांगायचं, ही कसरत आता तिच्या सवयीची झाली होती.

"आपला उसाचा चरक तिथल्या सरहद्दीवर अडकवलाय. तपासणीत रोलरच्या खाली उसाची चिपाडं सापडली. बाहेरच्या देशातलं उसाचं काही ते आत येऊ देत नाहीत, त्यातनं पिकाला रोग येतो म्हणून. धुरी देऊन सोडतील. खर्च आपला. आणि मुकासासाहेबांना आज दुपारी दोनच्या आत लेखी पाहिजे: हे कुणी केलं, कसं झालं, आणि परत होणार नाही कशावरनं. उत्तर पटलं तर पुढचे सहा चरक घेणार. नाही पटलं तर व्यवहार इथंच थांबवणार."

"थांबवू दे," अमरसिंह म्हणाला. "बरंच झालं म्हणायचं."

आता, तुम्ही परदेशात माल पाठवायचं कसं ठरवलं, असं उद्यमनगरातली माणसं खराड्यांना विचारत. ठरवलं होतं कुणी? अमरसिंहाचा धाकटा भाऊ ऋतुराज, म्हणजे संयोगिताचा नवरा, वारणानगरच्या बाजूला एका गुऱ्हाळावर गेला होता. तिथलं कुत्रं माणसासारखं उसाचं कांडं सोलून खात होतं. त्यानं त्याचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. कुत्र्याकडं फारसं कुणी बघितलं नाही. पण युगांडात मुकासा म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनी कुत्र्याच्या मागं चाललेला चरक बघितला आणि विचारलं, हे यंत्र कोण बनवतं? ऋतुराजनं मोबाईल बायकोच्या हातात दिला. इंग्रजी तिचं काम.

तिथून आठ महिने संयोगितानं त्यापायी घातले. कागलची पोर, बी.कॉम. झालेली, लग्नानंतर "जरा बिलं बघ" म्हणून ऑफिसात बसवलेली. तिनं उद्योजकांच्या संघटनेत जाऊन दोन दिवसांचा निर्यातीचा वर्ग केला. परवाना काढला. पेटीचं लाकूडसुद्धा कीड मारून शिक्का मारलेलं लागतं, हे कळल्यावर तसलं लाकूड शोधत सांगलीपर्यंत हिंडली. आणि सासऱ्यांच्या पाठीमागं लागून लागून एक चरक पाठवायला त्यांना तयार केलं. एकच. पाठवून बघू म्हणून.

कारण इकडं चरकाचे दिवस भरले होते. गुऱ्हाळं बंद पडत चालली होती. दसरा ते दिवाळी जिथं साठ चरक दारातनं जायचे, तिथं गेल्या साली चार गेले. म्हणून अमरसिंहानं एका पंपाच्या कंपनीशी बोलणं लावलं होतं. वर्षभर त्यांचेच सुटे भाग करायचे, सगळे लेथ त्यांना द्यायचे. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर सही. सही झाली की चरक बंद, आणि चरक बंद म्हणजे युगांडाही बंद. संयोगिताला हे माहीत होतं. त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकालाच माहीत होतं.

"पेटी भरताना तू कुठं हुतीस?" अमरसिंहानं विचारलं.

"पुण्याला. कागद करायला. लिहून ठेवून गेलते की मी. धुवायचा, वाळवायचा, पेटी बंद करायची. भिंतीवर चिकटवलाय कागद, अजून आहे."

"कागदानं कामं हुत्यात व्हय? उभं ऱ्हावं लागतंय."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. आठ महिने रात्री ती पत्रं लिहीत बसली की चहा करून देणारा ऋतुराज आता नखानं टेबलाचा सनमायका खरवडत होता.

"तुम्ही काहीतरी बोला की."

"दादाचं चुकीचं न्हाय, संयू," तो म्हणाला. "चौदा घरं चालवायची हैत. एका चरकात एवढा घोळ, मग सहात किती हुईल? आणि... पंपाच्या करारावर माझी सही झालीय. काल संध्याकाळी."

काल संध्याकाळी हाच माणूस तिला विचारत होता की सहा चरकांना पेट्या किती लागतील.

टेबलाच्या पलीकडं सासूबाई, बयाबाई, हळदी-कुंकवाचं तबक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आणि मधल्या खुर्चीवर आण्णा. सयाजी खराडे, चौऱ्याहत्तर वर्षांचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. सकाळपासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. ज्या माणसाचा आवाज लेथ चालू असताना गेटवर ऐकू येतो, तो माणूस गप्प बसला होता, आणि का गप्प आहे हे आपल्यालाच तेवढं माहीत आहे, असं संयोगिताला वाटत होतं.

पत्रासोबत एक फोटो होता. तो तिनं सहा वाजता चहा गाळताना बघितला होता, आणि अजून कुणाला दाखवला नव्हता. खालच्या रोलरपाशी अडकलेली चिपाडं त्यात होती. पण रोलरच्या वरच्या बाजूला, रंगावर, अंगठ्यानं ओढलेलं कुंकवाचं बोटही होतं. आणि बोल्टाच्या फटीत झेंडूची एक पाकळी.

खराड्यांच्या दारातनं चरक कोरड्या तोंडानं जात नाही. आण्णांच्या वडिलांनी, आकारामबापूंनी, घातलेली रीत. चरक तयार झाला की कुंकू लावायचं, उसाची एक मोळी घालायची, पहिला रस सगळ्यांनी एकेक घोट प्यायचा, मग चरक गाडीत. कागलला जाऊ दे नाहीतर जयसिंगपूरला. ती रीत घरात एकच माणूस करायचा.

सांगावं तर सणाच्या दिवशी, पोरांसमोर, चौदा कामगारांसमोर म्हाताऱ्याची मान खाली घालायची. न सांगावं तर दोन वाजता सगळं संपणार. सकाळपासून ती या पेचात होती, आणि आण्णा स्वतः बोलतील अशी वाट बघत होती. ते बोलत नव्हते.

"हे बघ," अमरसिंह खुर्ची पुढं ओढत म्हणाला, "सोपं करू. लिही, कामगाराची चूक झाली. त्येला कामावरनं काढला. साहेब खूश. उगं आपल्या नावाला बट्टा नगं. सहा घेऊ देत न्हायतर न घेऊ देत."

"कुठल्या कामगाराची? त्यांना नाव पाहिजे."

"घाल की कुणाचंबी."

"माझं घाला."

दारात केरबा उभा होता. खांद्याला पिशवी, अंगात पांढरा धुतलेला शर्ट. दुपारच्या गाडीनं तो नागपूरला निघाला होता, दीक्षाभूमीवर, दरवर्षीसारखा. हा कारखान्याचा फिटर. बत्तीस वर्षांत जो चरक इथून गेला, त्याच्या रोलरमधली फट केरबानं बसवली होती, आणि जो चरक कुठं बंद पडला, तिथं केरबाची मोटारसायकल गेली होती.

"केरबामामा, तुम्ही थांबा," संयोगिता म्हणाली.

"न्हाय, बरोबर बोलतोय मी. पेटी मीच ठोकली. पाणीबी मीच मारलं हुतं. बॅटरी घिऊन खालनं बघायला पायजे हुतं, बघितलं न्हाय. नाव घाला माझं. कागदावर काढलं म्हणून लिहिलं तर मी काय खरंच जातोय व्हय?"

"झालं तर मग," अमरसिंह म्हणाला, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. "सुटला प्रश्न. लिही, संयोगिता."

तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. आण्णा बोलत नव्हते ते एक वेळ चाललं असतं. पण केरबा बोलला आणि त्यावरही आण्णा बोलले नाहीत, टोपी चाचपत बसले, ते तिला सहन झालं नाही.

"केरबामामा," ती म्हणाली, "तुम्ही कुंकू कधीपासनं लावाय लागलासा?"

केरबानं मान खाली घातली. बत्तीस खंडेनवम्या त्यानं या शेडमध्ये काढल्या होत्या. आदल्या दिवशी यंत्रं तो पुसायचा, तेल तो घालायचा, आणि पूजेची वेळ झाली की समोरच्या टपरीवर जाऊन बसायचा. प्रसादाला परत यायचा. त्यावरून कधी वाद झाला नाही, कुणी विषयही काढला नव्हता.

संयोगितानं फोटो उघडला आणि मोबाईल टेबलाच्या मधोमध सरकवला.

अमरसिंहानं बघितला. दोन बोटांनी मोठा करून बघितला. मग ऋतुराजकडं दिला. ऋतुराजनं बघितला आणि त्याचा सनमायका खरवडणारा हात थांबला. कुणीच आण्णांकडं बघेना.

"ते बोट माझं हाय," बयाबाई म्हणाल्या.

"आई?"

"कुंकू म्या लावलं. आनी मोळी घातली ह्येनी. म्या म्हटलं हुतं, पोरीनं कागद लावलाय भिंतीला, नगा घालू. तर म्हणाले, तुला काय कळतंय. रस तर तुमी समद्यांनीच प्यालासा की! अमर, तू दोन पेलं प्यालास."

"मला काय म्हाईत ह्याच चरकाचा हाय ते. मला वाटलं गुऱ्हाळावरनं आणलाय."

"आण्णा," ऋतुराज म्हणाला, "का पण?"

आण्णांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

"सोळा वर्साचा असल्यापासनं चरकाबरोबर जातोय मी. जिथं चरक, तिथं मी. गुऱ्हाळावर बसायचं, गुळाची पहिली काहील उतरंपर्यंत. आवाज ऐकायचा. रोलर कुठं घासतोय, कुठं कण्हतोय. मग ताक पिऊन घरला यायचं. ह्यो चरक असा चालला हुता की त्येच्या मागनं मी जाणार न्हवतो. मोडला तर तिथं केरबा जाणार हाय व्हय मोटारसायकल घिऊन? कोण माणूस, कसला ऊस, काय ठाव न्हाय. पेटीच्या बाजू ठोकायच्या राहिल्या हुत्या. मला ऱ्हावलं न्हाय. एकदा आवाज ऐकू दे म्हटलं. मढ्यालाबी शेवटचं पाणी पाजत्यात की."

"सणासुदीचं काय बोलताय," बयाबाई म्हणाल्या.

"मग खरं ते बोललो. भ्यालो मी."

संयोगिताला त्या क्षणी सासऱ्यांचा राग यायचा तो आला नाही. आठ महिने तिनं त्यांना परवाना समजावला होता, विमा समजावला होता, जहाज कुठून कसं जातं ते नकाशावर दाखवलं होतं. ते मान डोलवत होते. आणि त्यांना खरी भीती होती ती एवढीच, की त्या चरकाचा आवाज ऐकायला तिथं आपलं कुणी नाही. हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. अर्धी चूक तिचीच होती, असं तिला वाटलं.

"केरबा, पिशवी ठेव खाली," आण्णा म्हणाले. "तुझं नाव घालून मी गप बसणार हुतो. बत्तीस वर्सं झाली तुला इथं. लाज वाटली पायजे मला."

"असू दे, आण्णा."

"असू दे न्हाय. बस." केरबा बसला. खराड्यांच्या ऑफिसात मालकाच्या शेजारच्या खुर्चीवर तो पहिल्यांदाच बसला. "घे पोरी, लिही. मी सांगतो."

संयोगितानं मोबाईल घेतला.

"लिही. माझं नाव सयाजी आकाराम खराडे. वय चौऱ्याहत्तर. मोळी मी घातली. आमच्यात तशी रीत हाय. सुनेनं घालू नका म्हणून लिहून ठेवलं हुतं, मी ऐकलं न्हाय. कामगाराची चूक न्हाय."

"आण्णा," अमरसिंह मधेच म्हणाला, "'ऐकलं न्हाय' कशाला लिहायचं? बाहेरच्या माणसाला घरातलं—"

"तू लिवतोयस काय? मग गप. पुढं लिही. परत हुणार न्हाय, कारण धुतल्यावर चरकाला मी हात लावणार न्हाय. खर्च आमचा. तुमास्नी ताप झाला, माफी असावी."

संयोगिताला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. एका हातानं डोळे पुसत, दुसऱ्या हातानं लिहीत तिनं पत्र पुरं केलं. वाचून दाखवलं. आण्णांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बारा वाजून दहा मिनिटांनी पत्र गेलं.

अमरसिंह उठून बाहेर गेला. शेडच्या दारात उभा राहून तो फोनवर बोलत होता ते आत ऐकू येत होतं. "उद्या नको, साहेब. आठ दिवस द्या. न्हाय न्हाय, तसं काय न्हाय. घरातला विषय हाय." आत आला तेव्हा सगळे त्याच्याकडं बघत होते.

"असं बघू नका. मला पटलं म्हणून न्हवं," तो म्हणाला. "आण्णांनी आजवर मला कधी 'माझं चुकलं' म्हटलं न्हाय. आईला न्हाय, बापूंना न्हाय. आणि परमुलखातल्या एका माणसाला लिहून दिलं. आता मी चरक बंद केला तर उद्या आरशात काय बघू? आठ दिवस. त्याचं उत्तर आलं तर आलं."

"माझी सही?" ऋतुराजनं विचारलं.

"करार माझ्या कपाटात हाय. फाडायला कात्री लागत न्हाय." मग तो संयोगिताकडं वळला. "आणि सहा चरक करायचे म्हणजे दोन लेथ रात्रंदिवस लागतील. कधी द्यायचेत हे मला तू सांगणार हैस, का त्यो मुकासा?"

"जानेवारीत."

"जानेवारी," तो म्हणाला, आणि बोटांवर आठवडे मोजायला लागला.

त्यानंतर एकदाची पूजा झाली. केरबा टपरीवर गेला नाही, पण आतही आला नाही. दारात उभा राहिला. कोहळा फुटला, नारळ फुटला, कामगारांना पेढे वाटले. ऋतुराज संयोगिताच्या मागं मागं पेढ्याचा पुडा घेऊन फिरत होता आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिचा हा अबोला त्याला चार दिवस तरी पुरणार होता, आणि पुरायलाच पाहिजे होता.

दीड वाजायच्या सुमाराला मोबाईल वाजला. केरबा गाडीसाठी निघायच्या बेतात होता, तोही थांबला. संयोगितानं पत्र आधी मनातल्या मनात वाचलं, आणि तिचे खांदे खाली आले.

"काय म्हणतोय?" आण्णांनी विचारलं.

"सहा घेतो म्हणतात. जानेवारीत. धुरीचा खर्च आपण द्यायचा, ही पहिली अट. बसवून द्यायला फिटर पाठवायचा वीस दिवस, जायचा-यायचा खर्च त्यांचा, ही दुसरी."

सगळ्यांनी केरबाकडं बघितलं. "मी?" केरबा म्हणाला. "नागपूरच्या पलीकडं मी गेलेलो न्हाय."

"आता जाशील," अमरसिंह म्हणाला. "तिसरी हाय काय?"

"आहे." ती थांबली.

"वाच की."

"आण्णा, ते जरा..."

"वाच म्हणतोय न्हवं."

तिनं वाचलं. चरक पेटीत भरायच्या खोलीला कुलूप असावं. किल्ली एकाच माणसाकडं असावी. आणि तो माणूस मिस्टर सयाजी नसावा.

एक कामगार हसणार होता, त्याला दुसऱ्यानं कोपर मारलं. आण्णांनी आयुष्यात गिऱ्हाइकाची अट ऐकून घेतली नव्हती. अट घालणाऱ्याला ते म्हणायचे, पावणं, दुसरं दार बघा. आता ते काय म्हणतील याचा अंदाज बयाबाईंनाही नव्हता. हातातोंडाशी आलेला घास आता गेला, असंच संयोगिताला वाटलं.

आण्णांनी सदऱ्याखाली हात घालून करदोट्याला बांधलेला किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला. त्यातली, पेटी भरली होती त्या मागच्या खोलीची किल्ली त्यांना सुटेना. अमरसिंह पुढं झाला तर त्यांनी त्याला हातानं बाजूला केलं. बराच वेळ लागला. मग त्यांनी किल्ली संयोगिताच्या हातात ठेवली आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटवली.

"लिही त्येला, मंजूर. आनी तू ऐक. मी मागितली तरी ही द्यायची न्हाय."

"तुम्ही कशाला मागाल, आण्णा?"

"मागणार की. सहा चरक जाणार आनी मी मागणार न्हाय व्हय? शिव्या दिऊन मागीन. पाया पडून मागीन." त्यांनी टोपी नीट केली. "तरीबी द्यायची न्हाय."